मानमोडी परत येऊ नये म्हणून

दवाखान्यातल्या बाटल्या परत येतात, धुवायच्या आणि पुन्हा भरायच्या. किश्श्यांचं तसं नाही. ते एकदा आले की कायमचे मुक्कामाला! तुम्ही म्हणाल, कंपाउंडरकडे कसले आलेत किस्से? अहो, लोणावळ्याच्या बाजारात आमच्या डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली उमेदीची वर्षं काढली मी. डोक्यावरचे केस गेले ते वयानं नव्हे, साथीच्या तयारीनं गेले!

साथ म्हणजे इन्फ्लुएंझा. मोठी साथ येऊन गेली, तिला लोक मानमोडी म्हणत. तिच्यात डॉक्टरांची बायको गेली. दिवस गेलेले होते तिला. डॉक्टर दिवसभर तापकरी तपासून घरी यायचे आणि तिच्या उशाशी बसायचे. ते स्वतः यावर कधी बोलत नसत, पण ताप त्यांच्याच सोबतीनं घरात शिरला हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. त्यानंतर दर वर्षी श्रावण लागला की त्यांच्या अंगात यायचं. "कंपाउंडर, तयारी!"

त्या वर्षी तर विचारूच नका. भुशीच्या वाडीतले दगडूआबा म्हणजे चांगलं भातखाचरांचं घर. त्यांची सून सगुणा गरोदर होती आणि तिची आधीची दोन मुलं हाती लागली नव्हती. आबा दवाखान्यात आले, डोक्याचं पागोटं काढून हातात धरलं आणि म्हणाले, "डॉक्टर, येवढं येक लेकरू पदरात पडू द्या." बाळंतपण सुईणच करणार होती. पण तोवर त्या घरात ताप शिरू द्यायचा नाही, हे डॉक्टरांनी मनावर घेतलं. आणि आबांची बायको तुळसामावशी, तिनं डॉक्टरांचं काहीही ऐकायचं नाही हे मनावर घेतलं!

*

पहिली लढाई खिडकीची. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. घरं चारी बाजूंनी बंद, आत चुलीचा धूर, आणि त्या धुरात सगळं कुटुंब खोकतंय. डॉक्टर म्हणाले, सगुणेच्या खोलीला खिडकी पाडा, मोकळी हवा हवी. आबांनी खरंच भिंत फोडून खिडकी पाडली. आम्ही चिखल तुडवत बघायला गेलो. काय सुरेख खिडकी! डॉक्टर आनंदानं आत डोकावले, तर आत वासरू.

"सगुणा कुठाय?"

"तिला मागल्या खोलीत हालवली," मावशी म्हणाली. "हितं वारं लागंल ना पोरीला! वासरू मातुर लय खूस हाय."

*

मग गुळण्या. घरातल्या प्रत्येकानं रोज सकाळी कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करायच्या, असं डॉक्टरांनी बजावलं. सोपं काम, खर्च नाही, पथ्य नाही. पुढच्या खेपेला विचारलं, "मावशी, गुळण्या होतात ना सगळ्यांच्या?"

"व्हय तर! येक दिस चुकला न्हाई."

डॉक्टरांना गहिवरच आला. मी मात्र चौकस. शेजारी बसलेल्या आबांना विचारलं, "काय आबा, खारट लागतं का हो?"

आबा म्हणाले, "मला काय ठावं?"

मावशी लगेच पुढे झाली. "आवं, समद्यांच्या वतीनं मीच करते की! सोमवारचा उपास मीच करते, संकष्टी मीच करते. आजवर काय अडलं का कुनाचं?"



*

मलमलीचं प्रकरण तर मी मेल्यावरही विसरणार नाही. खोकणाऱ्यानं तोंडावर फडकं धरावं म्हणून डॉक्टरांनी स्वतःच्या खिशातून मलमलीचं ठाण आणलं आणि मी दुपारच्या दुपार बसून त्याचे चौकोन कापले. माझ्या बोटांना कात्रीचे घट्टे पडले हो! वाडीत घरटी वाटले, आणि सोबत एक हुकूम सोडला की एकमेकांची चिलीम ओढायची नाही.

आठवड्यानं गेलो तर पारावर मंडळी गोल बसलेली, चिलीम फिरतेय, आणि चिलमीच्या बुडाला ओली करून गुंडाळलेली आमची मलमल!

"हे काय?" डॉक्टर ओरडले.

"तुमचाच हुकूम की," आबा अगदी समजुतीनं म्हणाले. "चिलीम येकच हाय, पर फडकं ज्याचं त्याचं. आपली पाळी आली की आपलं गुंडाळायचं. लय गार वढतीया, डॉक्टर!"

*

खेड्यातल्यांनाच नावं ठेवायला नकोत. बाजारात स्टेशनावरचे एक कारकून होते, इंग्रजी शिकलेले. साथीचा त्यांना इतका धसका की गळ्यात कापराची पुरचुंडी, खिशात कापूर, टोपीतही कापूर. जवळ आले की आरतीची आठवण व्हायची. हे गृहस्थ रोज सकाळी दवाखान्यात येत, दोन खोकणाऱ्यांच्या मध्ये बाकावर तासभर बसत आणि नंबर लागला की विचारत, "डॉक्टर, साथ टाळायला मी काय करू?"

एक दिवस माझाच संयम सुटला. "साहेब, उद्यापासून येऊ नका!"

ते दुखावले. "म्हणजे? मी तब्येतीची काळजी घेऊ नको?"

दुसऱ्या दिवशी आले ते बायकोलाही घेऊन आले.

*

भाद्रपद सरता सरता वाडीत पहिला ताप आलाच, आबांच्या आळीतल्या खंडूला. डॉक्टरांनी त्याला पडवीत वेगळं झोपवलं आणि दवंडी पिटवली, "खंडूच्या घरी साथीचा ताप आहे हो, कुणी तिकडं फिरकू नका हो!"

संध्याकाळी जाऊन बघतो तर खंडूच्या पडवीत पाय ठेवायला जागा नाही. दवंडी ऐकेपर्यंत बिचाऱ्यांना खंडू आजारी आहे हेच माहीत नव्हतं! जो तो समाचाराला आलेला. कुणी त्याचे पाय चेपतंय, कुणी कपाळाला हात लावून बघतंय. आणि अगदी उशाशी, पेजेची वाटी घेऊन, तुळसामावशी!

डॉक्टरांचा आवाज चिरकला. "मावशी! घरात गरोदर सून आहे तुमच्या!"

"म्हून काय मानुसकी सोडायची?" मावशी म्हणाली. "कळल्यावं यायला नगं?"

डॉक्टर बाहेर आले, खांबाला टेकून उभे राहिले आणि मला म्हणाले, "कंपाउंडर, आपण कुणासाठी करतोय हे?" त्यांचा चेहरा बघून मला मावशीचा असा संताप आला म्हणून सांगू! परत पडवीत गेलो आणि डॉक्टरांच्या बायकोची सगळी हकिगत तिला सर्वांदेखत सुनावली. ती पेजेची वाटी खाली ठेवून उठली आणि निघून गेली. मी म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी!

*

आश्विनात एका सकाळी आबांचा निरोप आला, सगुणेला कळा सुरू झाल्यात. बाजारात तोवर घरोघर ताप होता, आणि आदल्या रात्रीपासून डॉक्टरांचंही अंग कोमट लागत होतं. मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला ताप आहे." ते म्हणाले, "थकवा आहे." वाद कोण घालणार? बॅग उचलली आणि निघालो.

वाडीत पोचलो. सुईण आत होती. डॉक्टर लगबगीनं उंबऱ्याकडे निघाले आणि तेवढ्यात खोकले. तुळसामावशी दारात आली. तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि कोपऱ्यातलं मुसळ उचलून दारात आडवं धरलं.

"डॉक्टर, हितनं फुडं न्हाई."

"मावशी, बाजूला व्हा! मी डॉक्टर आहे!"

"म्हनूनच म्हनते. समद्या तापकऱ्यांच्या उशाला तुमीच बसून आलाय."

"अहो, तिची दोन मुलं गेलीत! काही कमी-जास्त झालं तर?"

"तर तुमी तितनं वरडून सांगा, मी हितं करते. पर आत न्हाई. आन् कंपाउंडर, तुमी बी न्हाई!"

मला वाटलं, आता आभाळ कोसळतंय. डॉक्टरांचा राग मला माहीत होता. त्यांनी मुसळाकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, आणि एक पाऊल मागे घेतलं. मग आणखी एक. असे मागे मागे सरकत थेट गवताच्या गंजीपाशी जाऊन एका धोंड्यावर बसले. वरून भुरभुर चालूच. आबा इरलं घेऊन धावले, तर त्यांनाही लांबूनच हात करून थांबवलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मी देवाचं नाव घेत होतो, आणि मधूनच मावशीला शिव्या देत होतो. आणि मग आतून टाहो ऐकू आला. कोवळा, पण चांगला खणखणीत!

"पोरगी झाली!" मावशी आतूनच ओरडली. "दोगी बी बऱ्या हायत!"

आबा चिखलातच खाली बसले. डॉक्टर चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले, पण धोतरच ओलं, पुसणार कशानं? 

"कंपाउंडर, पाहिलंत?"

"हो साहेब! मुलगी झाली. दोघी सुखरूप."

"ते नव्हे हो!" डॉक्टर म्हणाले. "त्या बाईनं मला आत घेतलं नाही!"