क्लचला करंट येईना

सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं, ऑफिसला जायला घेतली. ते खोटं नव्हतं, पण गाडीचा खरा उपयोग ऑफिसातून परत आल्यावर सुरू व्हायचा. भाईंदरच्या इंद्रलोकमधल्या आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये गाडी लावायची, दिवे बंद, काचा बंद, एसी चालू, आणि पाऊण तास तिथेच बसून राहायचं. मग वर जाऊन म्हणायचं, "काय ट्रॅफिक होता आज!"

कारण वर बाबा असायचे. आई गेल्यावर रत्नागिरीकडचं घर बंद करून ते माझ्या आणि बायकोच्या वन बीएचकेत राहायला आले होते. जन्मभर गिरणीत वायरमन. तेव्हा त्यांच्या तोंडातून शब्द ओढून काढावा लागायचा. आई गेली आणि त्यांचं बोलणं सुरू झालं. मी चपला काढायच्या आत पाणी किती वाजता आलं इथपासून गावच्या फणसाला किती फणस धरलेत इथपर्यंत सगळं. माझी नोकरी दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकण्याची. संध्याकाळी कान विटलेले असायचे. मला बाबा नको होते असं नाही, पाऊण तास कोणीच नको होतं. निदान मी स्वतःची तशी समजूत घातली होती.

ऐन एप्रिलात एसी बंद पडला. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून अर्ध्या मिनिटात निकाल दिला, "साहब, कम्प्रेसर का क्लच गया. पूरा बदलना पडेगा." माणूस लुटायलाच बसलाय, असं माझं ठाम मत झालं. तीन आठवडे मी काचा खाली करून, डास मारत, घामाने निथळत गाडीत बसलो. शेवटी एका रविवारी सकाळी इंटरनेटवरची माहिती छापलेले कागद आणि करंट तपासायचा टेस्ट लॅम्प घेऊन खाली उतरलो. म्हटलं, आपणच बघू.

एसी लावला की कम्प्रेसरच्या तोंडाशी असलेली लोखंडी चकती टक् करून फिरत्या पुलीला चिकटते. तोच क्लच. माझी पुली फिरत होती, चकती मात्र ढिम्म. दोघींमधली फट मोजली, ती बरोबर निघाली. मग बॅटरीपासून क्लचला थेट वायर लावली.

टक्!

मी असा दचकलो की डोकं बॉनेटवर आपटलं. क्लच ठणठणीत होता. गॅरेजवाल्याच्या नावाने मी तिथेच दोन शिव्या हासडल्या. म्हणजे दुखणं क्लचचं नव्हतं, त्याच्यापर्यंत करंटच पोचत नव्हता. फ्यूज पाहिला, चांगला. क्लचचा करंट चालू-बंद करणारी डबी, म्हणजे रिले, काढून त्या जागी हॉर्नचा रिले लावला, तरी काही नाही. तिसऱ्या मजल्यावरचे गुजराती काका गॅलरीतून ओरडले, "गॅस भराव ने, भाई!" मी ऐकलंच नाही असं दाखवलं. आता राहिला होता एसीच्या बटणाकडून येणारा रस्ता. तोंडात टॉर्च धरून, पाय दाराबाहेर टाकून मी डॅशबोर्डखाली शिरलो.

बटणामागची हिरवी वायर कापलेली होती. तुटलेली नाही, उंदराने कुरतडलेली नाही, पक्कडीने सरळ कापलेली. दोन्ही टोकं उलटी दुमडून त्यांना पांढरा सुती दोरा घट्ट गुंडाळला होता, वरून टेप. टॉर्च माझ्या तोंडातून खाली पडला.

तो दोरा मी लहानपणापासून पाहत आलोय. आमच्या घरातल्या मिक्सरला, इस्त्रीला, गणपतीच्या तोरणाला, सगळीकडे टेपच्या आत तोच दोरा. "टेप सुटते, दोरा सुटत नाही," असं बाबा म्हणायचे. सबंध मीरा-भाईंदरमध्ये वायरीचं टोक असं बांधणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

माझ्या घरात, माझ्या बापाने, माझी गाडी बिघडवली. जिने चढताना हेच डोक्यात वाजत होतं. बाबा खाटेवर बसून लसूण सोलत होते.

"बाबा, गाडीची वायर तुम्ही कापलीत?"

"होय." त्यांनी मानही वर केली नाही. "मागे एका रविवारी, तू दुपारचा झोपला होतास तेव्हा."

"का?" मी जवळजवळ किंचाळलोच. स्वयंपाकघरातला बायकोचा भांड्यांचा आवाज थांबला.

"खाली बसतोस ना तू रोज. दिवे बंद करून. खिडकीतून दिसतं मला." ते लसणाची पाकळी हातात धरून थांबले. "म्हटलं, उकडायला लागलं की वर येईल."

इतके महिने माझा 'ट्रॅफिक' हा माणूस वरून पाहत होता, आणि मी आल्यावर "दमलास?" म्हणून विचारत होता.

"पण तू काचा खाली करून बसायला लागलास," बाबा म्हणाले. "परवा बघितलं, डास चावत होते, तरी बसलास. तेव्हा कळलं मला."

काय कळलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. लाज वाटली.

"चल, जोडून देतो. उगाच कशाला घामात बसतोस," असं म्हणून ते उठले. कपाटातून पक्कड काढली, गुडघे धरत जिने उतरले. मी मागोमाग. त्यांना थांबवायला हवं होतं. तोंडाशी वाक्य आलं होतं की बाबा, राहू द्या, नका जोडू. डॅशबोर्डखाली त्यांनी दोनच मिनिटं घेतली. मी गाडी चालू करून बटण दाबलं. टक् झालं. गार हवा आली.

"बस आत," ते बाजूला होत म्हणाले.

आणि मी, जो जन्मात कधी बापाला असलं काही म्हणालो नव्हतो, दिवसभर फोनवर परक्या लोकांना म्हणतो त्याच आवाजात म्हणालो, "थँक्यू."