बॅकचा पाय

आमच्या दोन खोल्यांत आम्ही सहा जणं राहायचो. आबा फाउंड्रीत राबायचे आणि रविवारी उसने बूट घालून कोल्हापुरात पेठेच्या फुटबॉल संघातून बॅकला, म्हणजे गोल अडवायला, खेळायचे. गोल मारणाऱ्याला लोक खांद्यावर घ्यायचे, आबा चालत घरी यायचे.

गेल्या हिवाळ्यात पेठेतल्या शाळेच्या मुलींनी त्यांना कोच म्हणून मागितलं. पण त्यासाठी लेखी परीक्षा होती आणि आबा नववी नापास. त्यांनी नाही म्हणून टाकलं.

त्याच आठवड्यात टीव्हीवर एक जर्मन कोच दिसला. तोही जुना बॅक. खेळणं संपल्यावर आधी गावातल्या पोरांना शिकवलं, मग परीक्षा देऊन मोठ्या संघापर्यंत पोचला. समोरचे चढून आले की रेषेबाहेर उभ्या त्या माणसाचा पाय आपोआप पुढं सरकायचा. इकडं सतरंजीवर आबांचाही सरकला आणि चहा सांडला.

"अहो, बॉल टीव्हीत हाय!" आई ओरडली.

मला वाटलं, अडवणाऱ्याचं सगळं आयुष्य पुढचं आधी ओळखण्यात जातं. ते अंगात मुरलेलं कागदावर का उतरणार नाही? मी घरातली पहिली बी.ए. झालेली. वही घेऊन बसले.

"आबा, सांगा. मी उतरवून घेते."

"मग पास कोण हुणार, तू का मी?" म्हणत त्यांनी वही ओढून घेतली.

उन्हाळ्यात आबा परीक्षा पास झाले. आज ते शाळेच्या मुलींचे कोच आहेत.