आक्कांची कोरडी खोली

माझ्यासारख्या नवख्या पोराने कुणाचे चित्र रेखाटायला बसावे, हे जरा धाडसच आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हाताला लिहिण्याची सवय नाही, चुकले तर सांभाळून घ्या. पण जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहून, मान वर करून हवा हुंगणाऱ्या आक्का काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

"कुणाची शेगडी हाय रं वर?" हे त्यांचे नेहमीचे वाक्य.

आमच्या कंग्राळी गावाहून शाळेसाठी आलो, तेव्हा विणकरांच्या वडगावात एका तीन मजली माडीत मला जागा मिळाली. तळमजला दगडी, वरचे खांब, तक्तपोशी, जिना, सगळे लाकूड. खोलीखोलीत हातमाग. मालक परगावी असत, देखरेख तळमजल्यावरच्या खोलीत राहणाऱ्या आक्कांची. नगरपालिकेने दारावर आगीबद्दलचे नियम चिकटवले होते. ते आक्कांनी माझ्याकडून वाचून घेतले. जिन्यात सामान ठेवू नये, वर विस्तव नेऊ नये.

"बरं लिवलंय," त्या म्हणाल्या. "पर पावसाळ्यात सूत कुठं वाळवायचं, ते न्हाय लिवलं."

आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. खळ लावलेले सूत वाळता वाळत नाही. सूत ओले तर माग बंद, आणि माग बंद तर चूल बंद. म्हणून विणकर वरच्या खोल्यांतच सुताखाली पेटती शेगडी ठेवत. ठिणगी उडाली तर सगळ्यांना उतरायला तो एकच लाकडी जिना.

एका श्रावणात वरच्या मजल्यावरच्या सिदाप्पाने तेच केले. आक्का तरातरा वर गेल्या, पदराने शेगडी धरून खाली आणली आणि भर पावसात अंगणात ठेवली. सिदाप्पा मागोमाग धावला.

"आक्का, पोरांस्नी आता नियम खाऊ घालू व्हय?"

"आन् पोरंच न्हाय ऱ्हायली तर कुणाला घालशील?"

"बोलाया लई सोपं हाय. तुमची खोली दगडी!"

आक्का तडक आत गेल्या. थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज येऊ लागला. बघतो तर डबे, अंथरूण, देवसुद्धा त्यांनी बाहेर पडवीत आणून मांडले होते.

"आण खाली सूत," त्या वर बघून ओरडल्या. "हितं फरशीवर पेटीव शेगडी. मी बसते राखत."

त्या पावसाळ्यात साऱ्या घराचे सूत पाळीपाळीने त्या खोलीत वाळले. पुढच्या पावसाळ्यांतही तसेच. अंगावर पाणी उडत असताना आक्का पडवीत बसून असायच्या. कुणी हळहळले तर म्हणायच्या, "मी काय मिठाची हाय व्हय इरघळायला?"

मी पुढे कोल्हापूरला कॉलेजात आलो. परवा बाजारात वडगावचा एक विणकर भेटला. आक्का वैशाखातच गेल्या, असे तो म्हणाला. मला कळवायचे कुणाला सुचलेच नव्हते.  मी विचारले, "त्यांची खोली?"

"सिदाप्पानं मागून घेतली मालकाकडनं."

"आणि सगळ्यांचं सूत?"

"खोलीतच वाळतंय की. सिदाप्पा पडवीत बसतोय, शेगडी राखत."