बादलीत टाकू नका

शेजारच्या खोलीतले मामा ज्याच्यावर चिडले नाहीत, असा माणूस परळपासून दादरपर्यंत सापडणार नाही. वैद्यकीय कॉलेजच्या शरीररचना विभागात ते चाळीस वर्षं शिपाई होते. तिथे शिपायाला मामाच म्हणतात. ते नाव चाळीतही आलं. दान आलेले देह टेबलावर मांडायचे, शिकणाऱ्या मुलांचं चिरून बघणं संपलं की आवरायचं, एवढंच काम. पण तिथेच त्यांचं डोकं कायमचं फिरलं. कातडीखाली, स्नायूंच्या मधे, पांढरी तलम जाळी असते, विरल ऊती. स्नायू स्वच्छ दिसावा म्हणून मुलं ती चिमट्यानं ओढून बादलीत टाकत. मामा गरजत, "बादलीत काय टाकतोस रे! सगळं धरून ठेवते ती! ती नसती तर तुझं कातडं लेंग्यासारखं घसरलं असतं!" हृदयाचं सगळ्यांना कौतुक, मेंदूला मान, आणि माणूस ज्यांच्यामुळे एकसंध राहतो त्या संयोजी ऊतींचं, म्हणजे ही जाळी, कूर्चा, चरबी या सगळ्यांचं, नावही कुणाला येऊ नये, हा त्यांचा आयुष्यभराचा संताप.

तो संताप ते घरी आणत, बाजारातही नेत. दादरला कोळीणबाई मुशी, म्हणजे छोटा शार्क, कापता कापता म्हणाल्या, "घ्या मामा, काटा नाय, नुसती मऊ हाडं." झालं! "हाडं कुठली? कूर्चा आहे ती! तुमच्या नाकाच्या शेंड्यात आहे तीच! वाकते, मोडत नाही!" बाई शांतपणे म्हणाल्या, "माझ्या नाकापर्यंत नाय यायचं हां. घ्यायचं तर घ्या." माझ्या सुटलेल्या पोटाबद्दल मी कुरकुरलो, तर म्हणाले, "चरबीला नावं ठेवू नका. मूत्रपिंडाभोवती तिची गादी आहे, म्हणून बसमधले धक्के सोसताय." जिन्यात माझा पाय मुरगळला, तेव्हा आधी परीक्षा घेतली. "हाडाला हाड बांधतो तो अस्थिबंध, स्नायूला हाडाशी बांधते ती स्नायुरज्जू. काय दुखतंय ते सांगा, मग कण्हा."

देहदानाच्या अर्जावर त्यांनी साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. "तुम्ही तोंड उघडत नाही कधी. त्या दिवशी मात्र उघडा."

तो दिवस मागच्या वर्षी आला. सकाळी मामा गेले, आणि दुपारपर्यंत त्यांच्या मुलानं तिरडीचे बांबू आणून दारात ठेवले. मी अर्ज पुढे केला. "काका, बापाला फाडायला नाही देणार मी," तो म्हणाला. माणसं माना खाली घालून उभी. सार्वजनिक नळावरसुद्धा ज्याचा आवाज कधी चढला नाही, तो मी ओरडलो. "चाळीस वर्षं लोकांचे बाप त्यांनी नीट मांडले, त्यांच्यावरची चादर सारखी केली! त्यांना त्या टेबलावर जागा नको? त्यांचा शब्द बादलीत टाकतोयस तू!" आवाज फाटला. मुलगा पायरीवर बसून रडला, बराच वेळ. मग त्यानंच कॉलेजला फोन लावला.

परवा हिंदमाताहून परतताना कॉलेजच्या फाटकापाशी पाय थांबले.

"कोणाला भेटायचंय?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"मामांना."

"कुठले मामा? इथे सगळेच मामा."

मी फाटकातून आत पाहिलं. आत आता कुणीतरी चिमटा उचलला असेल, ती पांढरी जाळी ओढली असेल. आणि त्याच्यावर ओरडायला तिथे कुणी नव्हतं.