डबलमामांचा वजनकाटा

आमच्या कचेरीच्या लिफ्टमध्ये ‘सहा माणसे’ अशी पाटी होती आणि त्यातल्या दोन जागा लिफ्टवाल्याच्याच. म्हणून ते डबलमामा. वजन एकशे अठ्ठावन्न किलो. सकाळी स्टुलावर बसले की संध्याकाळपर्यंत त्या पेटीतच. उठणं म्हणजे एक समारंभ! घर तिसऱ्या मजल्यावर आणि तिथं नेमकी लिफ्ट नाही. दिवसभर जगाला वर नेणारा हा माणूस स्वतःच्या जिन्यात दर मजल्याला बसून दम खायचा.

गुडघे कामातून गेले होते. डॉक्टरांनी बजावलं, "एकशे पस्तीसच्या खाली या, मग ऑपरेशन. नाहीतर वर्षभरात जिना बंद." म्हणजे कायमचं घरातच कोंडून घ्यायचं.

मामींनी त्यांना इस्पितळाच्या बारा आठवड्यांच्या कार्यक्रमात घातलं. मोजून जेवण, रोज चालणं, खाल्लेलं वहीत लिहिणं. मामा सगळं करत, फक्त तिथल्या काट्यावर चढायला लाजत. "पुढच्या वेळी नक्की," म्हणून निसटत.

"सहाव्या आठवड्याला सोडणार नाही हं," आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या.

मामांनी मग आपला काटा शोधून काढला. लिफ्टमध्ये जादा वजन झालं की घंटा वाजायची. दर सोमवारी हेडक्लार्कबाई आणि त्यांच्या टेबलावरचे तिघे, असे ठरलेले चौघं आत. पहिल्या सोमवारी घंटेनं सगळी इमारत गोळा केली. चौथ्या सोमवारी ती गप्प!

"मामा, वाळलात की हो!" हेडक्लार्कबाई ओरडल्या आणि आनंदानं त्यांच्या हातात केकचा तुकडा ठेवला. पाचव्या सोमवारीही तेच. एरवीही येणारा-जाणारा कोणी केळं देई, कोणी बिस्किट. पेटीत बसलेला माणूस पळणार कुठं? वहीत सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने; लिफ्टचा रकानाच नव्हता. दोन-चार दाणे मीही दिलेत, खोटं कशाला बोलू?

सहाव्या आठवड्यात मामी दाराशी उभ्या राहिल्या आणि मामा काट्यावर चढले. एकशे एकोणसाठ.

"काटा बिघडलाय," मामा म्हणाले. "आमची घंटा वाजत नाही!"

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. मामांना सोबत म्हणून ते चौघं गुपचूप डाएट करत होते. हेडक्लार्कबाई एकट्याच सात किलो उतरल्या होत्या.

मामा दिवसभर नुसती बटणं दाबत राहिले. मजले येत, दार उघडे, मिटे. संध्याकाळी हेडक्लार्कबाईंनी दार अडवलं. "उठा. उद्यापासून जेवणाच्या सुट्टीत लिफ्ट मी चालवणार. तुम्ही बाहेर चालायचं."

"तुम्हाला जमायचं नाही. चौथ्या मजल्याला ती अडते."

"अडू दे. घरी अडकलात तर भेटायला मी तीन मजले चढायची नाही, सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी मी आणि कचेरीतल्या आणखी दोघांनी मिळून त्यांना उठवलं. बाई स्टुलावर बसल्या, दार मिटलं, पेटी वर गेली. मामा रिकाम्या हातांनी त्या बंद दाराकडे बघत राहिले. मी म्हटलं, "चला." लांबच लांब व्हरांडा, शेवटी भिंत. मामा भिंतीपर्यंत गेले, तिला टेकले, घाम पुसला.

"आता?"

"आता परत, मामा."

त्यांनी मला एक सणसणीत शिवी हासडली आणि वळले.