कॅन धुवायच्या खोलीतली ओल

आमचे हे तेव्हा गावच्या दूध संस्थेचे चेअरमन होते. संस्थेचा अभ्यास दौरा ज्यांनी पाहिलाय ते इथंच हसतील, कारण त्यात दूध सोडून सगळ्याचा अभ्यास होतो. त्या वर्षी संचालक मंडळ दक्षिणेतल्या एका थंड डोंगरावर गेलं. तिथल्या टपरीत ह्यांनी रानातल्या छत्र्या, म्हणजे अळंबी, घातलेलं ऑम्लेट खाल्लं आणि दुपारभर एका दगडावर बसून राहिले. संचालकांनी हाका मारल्या, हे उठेनात.

घरी आल्यावर कपबशी हातात धरून मला म्हणाले, "डोंगर श्वास घेत होता. अन् आपली नदी तिथून वाहत होती. मी गुडघाभर पाण्यात उभा."

"ऊन लागलं असंल."

"थंड हवेच्या ठिकाणी?"

आमची नदी म्हणजे तेव्हा नुसती वाळू. पाऊस दोनदा रुसलेला, जनावरं चारा छावणीत, संस्थेत सकाळी कॅनच्या तळाला दूध. ह्यांनी येताना घडी घातलेल्या कागदात त्याच छत्र्यांची काळसर भुकटी आणली होती. तिच्यापासून घरीच छत्र्या पिकवायच्या आणि ती नदी पुन्हा एकदा बघायची, एवढंच त्यांना हवं होतं. "एकदाच," म्हणाले. "परत मागणार न्हाई."

भुकटी चोळलेली उकडलेली ज्वारी माझ्या लोणच्याच्या बरण्यांत गेली आणि बरण्या मोरीत गेल्या. आमच्याकडच्या उकाड्यात तीन वेळा सगळ्याचे वाळून फुटाणे झाले. चौथ्या वेळी मी ह्यांना बरण्यांवर ओला टॉवेल पांघरवताना पकडलं.

"माणसं टँकरची वाट बघत्यात अन् तुमी ज्वारीला अंघोळ घालताय?"

मग ह्यांना जागा सुचली. संस्थेत मागे कॅन धुवायची खोली होती. जाड दगडी भिंती, खिडकी नाही, आणि वर्षानुवर्षांच्या धुण्यानं भिंतीत मुरलेली ओल. सगळ्या गावात तेवढीच ओल शिल्लक होती. ह्यांनी बरण्या तिथं नेल्या आणि दाराला घरचं कुलूप लावलं.

एका दुपारी मी ह्यांच्यामागोमाग आत गेले ती भांडायलाच. पण आतला काळोख गार होता. बरण्यांत पांढरे धागे पसरले होते, थंडीतल्या सकाळी कुंपणावर कोळ्याची जाळी दिसतात तसे. मी भिंतीला गाल लावला आणि भांडण कशावरून होतं तेच विसरले. पुढं एका बरणीत बोटाएवढ्या छत्र्या वर आल्या, फिकट, माना वाकवून उभ्या, नव्या नवरीसारख्या.

आणि तेवढ्यात आली वार्षिक सभा.

सभा संस्थेच्या ओट्यावर होती. हे अहवाल वाचत असताना कोपऱ्यातला एक म्हातारा सभासद नाक वर करून उभा राहिला. "थांबा. ओलीचा वास येतोय."

सगळी सभा हुंगायला लागली. वास कुलपाच्या दारातून येत होता.

"चेअरमननं पाणी लपवलंय बे!"

"कावून लावलं कुलूप? बोला!"

चेअरमनकी तर गेल्यात जमा होती, पण ह्यांचा जीव बरणीत. दार उघडलं, सभा आत घुसली आणि भिंतींना हात लावत उभी राहिली. गारवाच तसा होता. मग ह्यांनी खरं ते सांगितलं. "ह्या खाल्ल्या की नसलेलं दिसतं. डोकं फिरतं. लई बेकार हाय, हात लावू नका."

"नसलेलं दिसतं? मग तर द्याच. असलेलं बघून कंटाळा आलाय."

"ह्या माझ्या हायेत!"

"जागा कुणाची?" म्हातारा म्हणाला. "संस्थेची. भिंत संस्थेची, ओल संस्थेची. मग पीक कुणाचं?"

ठराव झाला: सर्व सभासदांना समान वाटप. सूचक, अनुमोदक, टाळ्या. सहकार आमच्या रक्तातच आहे, त्याला काय करणार! मूठभर छत्र्या मी पातेलंभर पिठल्यात घातल्या. प्रत्येकाच्या वाट्याला नखाएवढी आली, चेअरमनच्याही.

मग सगळे ओट्यासमोरच्या लिंबाखाली बसले.

"चढली का बे?"

"न्हाई. तुला?"

बराच वेळ गेला. म्हातारा हळूच म्हणाला, "पायाला गार लागतंय." शेजाऱ्यानं सरकून पाण्याला जागा दिली. कुणी धोतर वर घेतलं, कुणी चपला उचलून मांडीवर ठेवल्या. नखाएवढ्या तुकड्यानं काय होतंय, हे मला कळत होतं. तरी गोट्यांवरून पाणी जावं तसा आवाज माझ्याही कानात आला, शपथ.

कोरडे राहिले ते एकटे हे. एकेकाजवळ जाऊन विचारत होते, "कुठवर आलीय? गढूळ हाय का निवळ?" कुणी डोळे उघडून उत्तर देईना. शेवटी हे पातेलं घेऊन माझ्याजवळ ओट्याच्या कडेला टेकले आणि तळाची खरवड बोटानं काढून खाऊ लागले, समोरच्या नदीच्या वाळूकडं बघत.

मला पहिल्यांदाच त्यांची दया आली. "आली का?"

बोट चाटत बसले. मग खाली माझ्या पायांकडं बघून सावकाश म्हणाले, "निऱ्या वर धर जरा. भिजतायत."

मी निऱ्या वर धरल्या.