पिनांचं वजन

तोलकाका कुठेही गेले की बसण्याआधी खुर्ची हलवून बघत, डुगडुगते का. शेजाऱ्यांच्या छताचा पंखा नुसता ऐकून कुठलं पातं जड आहे ते सांगत आणि पाहुणे म्हणून गेले असले तरी स्टुलावर चढत. बायको म्हणायची, "जगाचा तोल सावरून झाला की आपल्या दाराकडेही बघा, वर्षभर करकरतंय." करकरण्याचं त्यांना काही वाटत नसे. थरथर मात्र सोसत नसे.

उभा जन्म त्यांनी क्रँकशाफ्ट बॅलन्स करण्यात घालवला होता. क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनच्या पोटात गरगरणारा वाकडातिकडा पोलादी दांडा. शर्यतीच्या गाडीचं इंजिन नव्यानं बांधताना पिस्टन बदलले की दांड्याचा जुना तोल जातो. तेव्हा नवे पिस्टन, त्यांच्या पिना, रिंगा, सगळं काट्यावर घालायचं, त्या हिशेबाची वजनं दांड्याला बांधायची, तो मशीनवर फिरवायचा आणि जिथे जड भरेल तिथे ड्रिलनं धातू खायचा. खाल्लेला धातू सहजी परत घालता येत नाही. त्यामुळे या कामात हातापेक्षा डोकं जाग्यावर लागतं.

आणि काकांचं डोकं अलीकडे जाग्यावर राहत नव्हतं. हिवाळ्यात त्यांनी एका शाफ्टला तेच भोक दोनदा पाडलं होतं. वर्कशॉपची मालकीण म्हणजे त्यांच्या वारलेल्या भागीदाराची मुलगी. लहानपणी काकांच्या मांडीवर बसून नटबोल्ट वेगळे करणारी. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, की पुन्हा असं झालं तर मशीन दुसऱ्याकडे द्यावं लागेल. त्या दिवसापासून हाती येणारा प्रत्येक शाफ्ट काकांना परीक्षेसारखा वाटे.

हा आठ सिलिंडरच्या इंजिनाचा होता. काकांनी तो जिवाच्या करारानं केला. पिस्टन दोनदोनदा तोलले, ड्रिल थोडंथोडं उतरवलं, लोखंडाचा कीस ब्रशनं झाडून पुन्हा फिरवलं. शेवटी मशीनची सुई जागची हलेना. काकांनी मशीनच्या अंगावर तळवा ठेवला. आत काहीतरी फिरतंय हे हाताला कळतही नव्हतं. फार दिवसांनी त्यांना भूक लागल्यासारखी वाटली.

इंजिन जुळवणारा फिटर सामान न्यायला आला. पिस्टन उचलले, रिंगा उचलल्या आणि काट्यामागच्या फडक्याखालून पिनांचा डबा काढला.

"दादा, या घेतल्यात ना वजनात?"

"मग काय, माशा मारत बसलोय इथे?"

फिटरनं डबा नुसता पुढे धरला. पिना कारखान्याच्या तेलकट कागदात जशाच्या तशा गुंडाळलेल्या होत्या. एकीचाही कागद सुटलेला नव्हता.

काकांनी एक पिन कागदासकट काट्यावर ठेवली. पिना न धरता बांधलेली वजनं हलकी होती, म्हणून दांडा जड भासला होता, आणि म्हणून त्यांनी तो नको तितका खाल्ला होता. सुई खोटं बोलली नव्हती. तिला विचारलंच चुकीचं गेलं होतं.

"शाफ्ट नेऊ नकोस," ते म्हणाले. "वाया घालवलाय मी."

"असू द्या, दादा. तिकडे तपासतातच."

"तिकडे कुठे?"

फिटरनं जीभ चावली. मग खाली बघत सांगून टाकलं. हिवाळ्यापासून काकांचा एकेक शाफ्ट टेम्पोत घालून गावाबाहेरच्या दुसऱ्या वर्कशॉपमध्ये जात होता. तिथे तपासल्याशिवाय इंजिनात बसत नव्हता. दादांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, असं मालकिणीनं सगळ्यांना बजावलं होतं. "पण तुमचे बरेचसे ठीकच निघतात," तो घाईघाईनं म्हणाला.

त्या 'बरेचसे'नं काकांना खाली बसवलं. खुर्ची न हलवताच ते बसले.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं ना मान वर केली, ना काय म्हणता म्हणून विचारलं. तिलाही माहीत होतं, हे त्यांना त्यावरून कळलं.

सकाळी नाही जायचं, असं ठरवून ते झोपले. पण घरात दिवसभर करायचं काय, हे काही त्यांना सुचलं नाही. नेहमीच्या वेळी ते वर्कशॉपच्या दारात उभे होते. कालचा शाफ्ट मशीनवर नव्हता. मालकिणीनं दुसरा, गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी नसलेला, आणून ठेवला आणि पदरानं हात पुसले.

आजवर इथे आलेल्या प्रत्येक शाफ्टमागे कुणीतरी घायकुतीला आलेलं असायचं. शर्यत तोंडावर असायची, गिऱ्हाईक दारात ठाण मांडून बसायचं, हिचे वडील आतून ओरडायचे.

"सावकाश करा, काका," ती म्हणाली. "याची काही घाई नाही."

काकांनी मान डोलावली आणि ॲप्रन बांधायला घेतला.